झोपडपट्टी फुटबॉल ते स्लम सॉकर : पंचवीस वर्षांची वाटचाल

‘क्रीडा विकास संस्था, नागपूर’ या नावाने संस्थेला ओळखणारे शहरात थोडेच सापडतील. ‘स्लम सॉकर’ म्हटले की बऱ्याच जणांना ओळख पटते आणि ‘झुंड’ चित्रपटाचे नाव घेतले की उरलेल्यांनाही. २००१ साली हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक प्रा. विजय बारसे यांनी सुरू केलेल्या या कामाला आता पाव शतक होत आहे. या काळात संस्थेची मुले देशोदेशी खेळून आली, पुरस्कार मिळाले, चित्रपट निघाला. त्याची नोंद पुढे येईलच. पण या इतिहासाचा खरा धागा वेगळा आहे. खेळणाऱ्या मुलाच्या पाठीशी घर लागते. ज्या घराला ते ओझे एकट्याने पेलत नाही, तिथे शेजारच्या चार घरांनी खांदा द्यावा लागतो. नागपूरच्या वस्त्यांमध्ये हा खांदा कसा मिळत गेला, तेच इथे सांगायचे आहे.

शहर, गिरणी आणि मैदान

नागपूर जिल्ह्याला फुटबॉल नवा नव्हता. १८२१ साली कामठीला लष्करी छावणी वसली आणि पुढे पलटणींबरोबर आलेला हा खेळ आसपासच्या मोहल्ल्यांत रुजला. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचे यंग मुस्लिम आणि राहुल क्लब ही नावे जिल्ह्याच्या फुटबॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या घेतली जातात. या क्लबांनी अनेक गरीब घरांतली मुले घडवली. तरी क्लबपर्यंत पोचायला बूट लागत, सरावाला वेळ लागे आणि हात धरून नेणारे कोणीतरी लागे. ज्या मुलाकडे यांतले काहीच नव्हते, तो वस्तीतल्या उकिरड्याशेजारच्या मोकळ्या जागेतच खेळत राही.

अशा वस्त्या नागपुरात चारशेहून अधिक आहेत. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या घरात होती आणि तिच्यातला एक तृतीयांशाहून मोठा भाग झोपडपट्ट्यांत राहत होता. त्यातल्या कितीतरी कुटुंबांच्या मागच्या पिढ्या गिरणीत होत्या. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली एम्प्रेस मिल १९८६ मध्ये सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. संस्थेची पहिली वर्षे आणि गिरणीची शेवटची वर्षे एकच, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाळी ठरलेली असली की बापाला सांगता येते, संध्याकाळी मी घरी आहे, पोरगा मैदानावर जाऊ दे. गिरणी गेली आणि तो ठरलेला वेळही गेला. मजुरीचा नाका, हमाली, रिक्षा, आईची चार घरची धुणीभांडी अशा कामांना ना वेळ ठरलेली ना मिळकत. अशा घरात मोठा मुलगा दोन पैसे आणतो, मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळते. तिथे मुलाने मैदानावर घालवलेल्या तासाची किंमत घराला रोख मोजावी लागते. संस्थेने ज्यांच्यासाठी काम उभे केले त्यांची स्थिती ही होती.

फुटकी बादली आणि १२८ संघ

२००१ च्या पावसाळ्यातला एक प्रसंग बारसे सरांनी अनेकदा जाहीरपणे सांगितला आहे. पाऊस पडत होता म्हणून ते आडोशाला थांबले होते. समोर वस्तीतली काही पोट्टी चिखलात एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळत होती. सरांनी त्यांना चेंडू देऊ केला. पुढे अशा मुलांचे खेळणे त्यांनी लक्ष देऊन पाहिले, तेव्हा त्यांना एक गोष्ट जाणवली. मुले जितका वेळ मैदानावर असत, तितका वेळ ती नशा, जुगार आणि भांडणे यांपासून आपोआप दूर असत. त्यासाठी कोणाला उपदेश करावा लागत नव्हता.

सर क्रीडाशिक्षक होते. हिस्लॉप हे १८८३ पासूनचे महाविद्यालय, तिथल्या मैदानावर त्यांची हयात गेलेली. त्यामुळे पहिला विचार आला तो स्पर्धेचा. फक्त झोपडपट्टीत राहणाऱ्या मुलांसाठी स्पर्धा घ्यायची आणि नावही उघडपणे ‘झोपडपट्टी फुटबॉल’ असेच ठेवायचे, असे ठरले. या पहिल्या शहरपातळीवरील स्पर्धेला १२८ संघ आले. एका संघात आठच मुले धरली तरी खेळाडूंची संख्या हजारापुढे जाते. यातल्या बहुतेकांना त्याआधी कोणी कुठल्या स्पर्धेचे आमंत्रण दिलेले नव्हते. अनवाणी मुले, जमेल त्या कपड्यांत आणि मोहल्ल्याच्या नावाने मैदानात उतरली.

या आकड्याने संस्थेला दोन धडे दिले. पहिला असा, की संघ बांधण्याची शक्ती वस्तीत आधीपासूनच होती. कोण गोलात उभा राहील, कोणाला आईची परवानगी काढून आणावी लागेल, कोणाला कामावरून लवकर सोडवावे लागेल, हे मुलांनीच आपसांत सोडवल्याशिवाय १२८ संघ उभे राहत नाहीत. दुसरा धडा स्पर्धेच्या मर्यादेचा. १२८ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा घेतली, तर ६४ संघ पहिल्या फेरीतच घरी जातात. मुलाच्या आयुष्यात एक सामना येतो आणि संपतो. त्याच्या रोजच्या संध्याकाळचे काय, हा प्रश्न तसाच उरतो. स्पर्धा पुढे जिल्ह्याबाहेर आणि राज्याबाहेर गेली, पण संस्थेचे लक्ष हळूहळू नित्याच्या सरावाकडे वळले ते या प्रश्नामुळे.

एका कुटुंबाने घेतलेला भार

पहिल्या टप्प्यात संस्था म्हणजे मुख्यतः बारसे कुटुंबच होते. सरांच्या पत्नी रंजनाताईंनी या कामाला घरातून आधार दिला. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून सरांनी शहराबाहेर बोखाऱ्याला जमीन घेतली, या मुलांसाठी हक्काची जागा असावी म्हणून. निवृत्तीचा पैसा म्हणजे मध्यमवर्गीय घराची म्हातारपणाची काठी. तो लोकांच्या मुलांसाठी खर्च करायचा तर घरातल्या सगळ्यांचे एकमत लागते. बोखाऱ्याच्या केंद्राकडे पाहताना त्यामागचा हा कौटुंबिक निर्णय विसरून चालणार नाही.

मुलगा अभिजीत त्या काळात अमेरिकेत होते. वडिलांच्या कामाविषयी त्यांनी तिथे वर्तमानपत्रात वाचले आणि ते नागपूरला परतले. त्यांच्या येण्याने कामाला बांधणी आली. वर्षातून एकदा होणाऱ्या स्पर्धेच्या जोडीला वस्त्यांमध्ये नियमित सराव, प्रशिक्षक घडवण्याचे वर्ग, शाळेकडे परतण्यासाठी मदत आणि आरोग्याविषयीची सत्रे अशी रचना उभी राहिली. ‘स्लम सॉकर’ हे नाव देशाबाहेर पोचले तेही याच काळात.

मैदान घरापर्यंत कसे पोचले

संस्थेच्या कामातली सर्वांत महत्त्वाची निवड म्हणजे प्रशिक्षकांची. बरेचसे प्रशिक्षक याच मैदानांवर खेळून तयार झालेले आहेत. वस्तीतला मुलगा किंवा मुलगी त्याच वस्तीतल्या किंवा शेजारच्या वस्तीतल्या लहानांना शिकवते. यामागे काटकसर असेल, पण त्याचा मोठा फायदा विश्वासाचा झाला. बाहेरून आलेल्या शिक्षकाला दारात उभे करताना आईबाप दहा प्रश्न विचारतात. समोरच्या गल्लीतला, कालपर्यंत आपल्यासमोर वाढलेला पोरगा ‘काकू, उद्या सकाळी धाडाल का याला?’ म्हणतो, तेव्हा काकूंना त्याची आई माहीत असते, बाप माहीत असतो आणि त्याचा स्वभावही माहीत असतो. कोणत्या घरात दारू आहे, कोणती मुलगी गेले चार दिवस शाळेत गेलेली नाही, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे अशा प्रशिक्षकाला कोणत्याही अर्जाशिवाय कळते.

नागपूरच्या अलीकडच्या मोठ्या खेळाडूंकडे पाहिले की घराचे मोल चटकन ध्यानात येते. जुलै २०२५ मध्ये बाटुमीत महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झालेली दिव्या देशमुख डॉक्टर आईवडिलांची मुलगी. बॅडमिंटनपटू मालविका बन्सोडच्या दंतवैद्य आईने मुलीच्या खेळासाठी क्रीडाविज्ञानाचे शिक्षण घेतले. २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीचा विश्वविजेता ठरलेला ओजस देवतळे सरावासाठी घर सोडून साताऱ्याला राहिला. या तिघांचे कर्तृत्व त्यांचे स्वतःचे आहे. तरी प्रत्येकामागे कोणीतरी आपले वेळापत्रक बदलले, पैसे बाजूला काढले, प्रवासात सोबत केली. हीच कामे वस्तीतल्या मुलासाठीही कोणीतरी करावीच लागतात. फरक इतकाच, की तिथे ती एका आईबापाच्या आवाक्यात नसतात. मग एक आई सरावाच्या वेळी दुसरीच्या धाकट्याला सांभाळते, एकाच्या बापाच्या गाडीवरून दोघे सामन्याला जातात, मोठ्या मुलाचे लहान झालेले बूट पुढच्याच्या पायात जातात. वस्तीत ही देवाणघेवाण लग्नकार्याला आणि मयतीला पूर्वीपासून होतीच. नित्याच्या सरावाने तिला खेळाचेही निमित्त मिळाले.

मुलींच्या बाबतीत हा विश्वास अधिक लागला. मुलगा उशिरा आला तर आई रागावते, मुलगी उशिरा आली तर गल्ली बोलते. हाफ पँट घालून मुलीने मोकळ्या मैदानात धावणे हा अनेक घरांत वादाचा विषय होता. तिथे एकट्या मुलीने हट्ट धरून भागत नाही. चार मैत्रिणींनी एकत्र जाणे, एकत्र परत येणे आणि त्यांच्या आयांची एकमेकींशी ओळख असणे, यानेच दार उघडते. संस्थेने मुलींसाठी ‘शक्ती गर्ल्स’ हा स्वतंत्र उपक्रम चालवला. त्यात फुटबॉलच्या सोबतीने मासिक पाळी, आरोग्य, शिक्षण आणि स्वतःचे निर्णय यांविषयी मोकळेपणी बोलण्याची जागा तयार झाली. मुलीची आई ज्या गोष्टी कधी मोठ्याने बोलली नव्हती, त्या मुलीने मैदानावर ऐकल्या आणि घरी येऊन आईला सांगितल्या. शिकणे इथे धाकट्याकडून मोठ्याकडे गेले.

तीन भागांचा सामना

फुटबॉलचा सामना दोन भागांचा असतो. संस्थेने वापरलेल्या ‘फुटबॉल थ्री’ या पद्धतीत तो तीन भागांचा होतो. सामन्याआधी दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवतात. मग पंचाशिवाय खेळ होतो. तिसऱ्या भागात पुन्हा सगळे बसतात आणि ठरवलेले नियम कोणी किती पाळले याची चर्चा करून एकमेकांना गुण देतात. गोल जास्त करणारा संघ वागणुकीच्या गुणांत मागे पडला तर सामना हरूही शकतो.

या पद्धतीचे मूळ कोलंबियातल्या मेदेयीन शहरात आहे. १९९४ च्या विश्वचषकात स्वयंगोल झाल्यानंतर मायदेशी परतलेल्या आंद्रेस एस्कोबार या खेळाडूची तिथे गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर टोळीयुद्धाने पोखरलेल्या वस्त्यांमधल्या तरुणांना एकत्र खेळवण्याचा प्रयत्न सुरू झाला. मुलामुलींचे मिश्र संघ आणि पहिला गोल मुलीनेच करायचा, असे नियम तिथे होते. पहिला गोल मुलीचा असेल तरच पुढचे गोल धरले जाणार म्हटल्यावर मुलगे तिला आपोआप पास देऊ लागतात.

नागपूरच्या वस्त्यांमध्ये ही पद्धत उपयोगी पडण्याचे कारण स्पष्ट आहे. दोन मोहल्ल्यांच्या सामन्यात एका फाऊलवरून हाणामारी होते, ती घरापर्यंत जाते, मोठी माणसे त्यात उतरतात आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलाचे खेळणे बंद होते. सामना संपल्यावर दहा मिनिटे समोरासमोर बसून ‘तू मला ढकललेस’ असे म्हणता आले, तर भांडण मैदानावरच मिटते. घरांमधला सलोखा टिकवण्याचा हा अगदी व्यावहारिक उपाय ठरला.

जगाच्या मैदानावर

बेघर आणि वंचितांसाठीचा ‘होमलेस वर्ल्ड कप’ २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात प्रथम झाला. मेल यंग आणि हाराल्ड श्मीड ही या कल्पनेमागची माणसे. पुढे त्या दशकातच स्लम सॉकर ही या स्पर्धेची भारतातली भागीदार संस्था झाली आणि भारताचा संघ निवडण्याची जबाबदारी नागपूरकडे आली. २०१० मध्ये रिओ दि जानेरोला गेलेल्या भारतीय संघाचा कर्णधार अखिलेश पॉल हा याच शहराच्या वस्तीतून आलेला. नंतर तो स्वतः प्रशिक्षक झाला. पुढे मुलींचे संघही गेले.

या स्पर्धेचे स्वरूप संस्थेच्या कामाला पोषक आहे. मैदान २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, म्हणजे वस्तीतल्या मोकळ्या जागेएवढे. एका वेळी चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन भाग. महत्त्वाचा नियम असा, की खेळाडूला आयुष्यात ही संधी एकदाच मिळते. त्यामुळे दर वर्षी नवा संघ बांधावा लागतो आणि जाऊन आलेला खेळाडू पुढच्या वर्षी स्पर्धक म्हणून परतत नाही. तो मदतीला परततो. ज्याने विमान पाहिले, परका देश पाहिला, तो पुढच्या मुलाच्या आईला समजावू शकतो की आठ-दहा दिवसांत पोरगा सुखरूप परत येईल.

जाण्याची तयारी हा तर वस्तीच्या एकीचा कसच असतो. पासपोर्टला जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. ज्याचा जन्म घरात झाला, ज्याच्या झोपडीला पट्टा नाही, ज्याच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरे, त्याला हे कागद जमवताना किती उंबरठे झिजवावे लागतात हे अनुभवी माणसालाच कळते. बापाची मजुरी बुडते, शेजारी साक्षीला उभे राहतात, नगरसेवकाच्या कार्यालयात कोणीतरी ओळख काढते. एका मुलाच्या पासपोर्टमागे असे अनेक हात असतात. आणि यातून एक टिकाऊ लाभही होतो. खेळासाठी जमवलेले कागद त्या घराला पुढे शिष्यवृत्तीसाठी, बँकेच्या खात्यासाठी, नोकरीच्या अर्जासाठी उपयोगी पडतात.

करोनाने या प्रवासात मोठा खंड पाडला. २०२० मध्ये फिनलंडच्या तांपेरे शहरात ठरलेली स्पर्धा रद्द झाली आणि पुढची दोन वर्षेही ती भरली नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोला ती पुन्हा सुरू झाली, नंतर २०२४ मध्ये सोलला आणि २०२५ मध्ये ओस्लोला झाली. तीन वर्षांच्या खंडात वस्तीतल्या मुलांची एक अख्खी फळी खेळण्याच्या वयातून पुढे सरकली. त्या मुलांना पुन्हा कामाशी जोडून घेणे हे संस्थेवरचे ऋण आहे.

मान्यता

५ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग प्रसारित झाला. तो खेळाने बदललेल्या आयुष्यांवर होता आणि त्यातून बारसे सर व अखिलेश पॉल देशभरातल्या घरांत पोचले. २०१६ मध्ये जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, आपला विविधता पुरस्कार स्लम सॉकरला दिला. ४ मार्च २०२२ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ प्रदर्शित झाला. बारसे सरांवर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. चित्रीकरण नागपुरात झाले आणि मुलांच्या भूमिकांसाठी याच शहराच्या वस्त्यांतली पोरे निवडली गेली. त्यांची बोली, त्यांचे चेहरे आणि त्यांच्या गल्ल्या मोठ्या पडद्यावर जशाच्या तशा दिसल्या. ज्या पत्त्याचा उल्लेख नोकरीच्या अर्जात टाळावासा वाटतो, तो पत्ता देशाने पाहिला याचे समाधान वस्त्यांना पुरस्काराहून मोठे वाटले असेल.

तरीही या मान्यतेचे मोजमाप सावधपणे केले पाहिजे. होमलेस वर्ल्ड कपच्या एका संघात जास्तीत जास्त आठ खेळाडू असतात. परदेशी जाणारी आठ आणि रोज संध्याकाळी मैदानावर येणारी बाकीची सारी, यांतली दुसरी यादीच संस्थेचे आयुष्य ठरवते. त्या यादीतल्या मुलाला कदाचित कधीच पदक मिळणार नाही. तो शाळा पूर्ण करील, गॅरेजमध्ये काम करील, रविवारी खेळेल आणि आपल्या मुलीला मैदानावर पाठवताना कचरणार नाही. पंचवीस वर्षांचे काम मोजायचे असेल तर असे बाप किती झाले हे मोजावे.

पुढील वाटचाल

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने तीन कामे समोर ठेवावीशी वाटतात.

पहिले, मैदानांचे. वस्तीतली मोकळी जागा दर वर्षी कमी होते. कुठे सिमेंटचा रस्ता येतो, कुठे वाहनतळ, कुठे मंगल कार्यालय. ज्या वस्तीत अजून जागा शिल्लक आहे तिथल्या पालकांनी एकत्र येऊन ती महापालिकेच्या आराखड्यात खेळाचे मैदान म्हणून नोंदवून घेतली पाहिजे. खेळाडूच्या आईने केलेला असा अर्ज संस्थेच्या अर्जापेक्षा अधिक वजनदार ठरतो, कारण ती त्या प्रभागाची मतदार असते.

दुसरे, कागदांचे. प्रत्येक खेळाडूची एक फाइल लहान वयातच तयार व्हावी. त्यात जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि जातीचा दाखला असावा. निवड झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा सरावाच्या पहिल्या वर्षीच पालकांच्या बैठकीत हे काम उरकले, तर खेळात पुढे न गेलेल्या मुलालाही त्याचा उपयोग होईल. शहरातल्या वकिलांनी आणि निवृत्त कर्मचाऱ्यांनी महिन्यातली एक सकाळ यासाठी दिली तरी मोठा प्रश्न सुटतो.

तिसरे, जुन्या खेळाडूंच्या घरांचे. २००१ मध्ये चौदा-पंधरा वर्षांची असलेली मुले आज चाळिशीला टेकली आहेत, त्यांची मुले आता खेळण्याच्या वयाची आहेत. ज्यांच्या आईबापांना खेळाची समजूत घालावी लागली होती, तेच आज पालक आहेत. मुलाच्या दुखापतीला काय करावे, हरल्यावर घरी काय बोलावे, दहावीच्या वर्षात सराव चालू ठेवावा की नाही, हे नव्या पालकांना सांगायला यांच्याइतके योग्य कोणी नाही. प्रत्येक वस्तीत अशा जुन्या-नव्या पालकांचे मंडळ उभे राहिले, त्यात आयांना अर्ध्या जागा मिळाल्या आणि वर्षातून दोनदा सगळी मंडळे बोखाऱ्याला एकत्र आली, तर एका कुटुंबाने खांद्यावर घेतलेले हे काम शेकडो कुटुंबांच्या मालकीचे होईल.

बारसे सरांनी मुलांना चेंडू दिला, जमीन दिली, आपली उमेदीची आणि निवृत्तीची वर्षे दिली. पुढची पंचवीस वर्षे संस्था कोणा एकाच्या त्यागावर चालू नये, ती पालकांनी चालवावी. तशी ती चालवण्याची ताकद या वस्त्यांत आहे. पहिल्याच स्पर्धेला १२८ संघ उभे करून त्यांनी ते दाखवून दिले आहे.